'अहम्' : संज्ञेचा अर्थ आणि तिची व्याख्या

शास्त्रीय संज्ञेचा अर्थ तिच्या व्याख्येने निश्चित होतो, हे मत सामान्यतः मान्य आहे. मानसशास्त्राच्या बाबतीत मात्र ते अपुरे ठरते. या शास्त्रातील पुष्कळशा संज्ञा नित्याच्या बोलण्यातून आलेल्या असतात आणि व्याख्या केल्यानंतरही त्यांचा लौकिक अर्थ मागे उरतोच. मनोविश्लेषणातील 'अहम्' ही संज्ञा या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

फ्रॉइड यांनी १९२३ सालच्या ग्रंथात मनाची रचना विशद करताना 'इश्' व 'एस' हे शब्द योजिले. जर्मन भाषेत ही साधी सर्वनामे होत : 'मी' आणि 'ते'. १९२७ च्या इंग्रजी अनुवादात त्यांच्या जागी 'इगो' व 'इड' ही लॅटिन रूपे आली आणि स्ट्रेची यांनी संपादित केलेल्या चोवीस खंडांच्या आवृत्तीने ती दृढ केली. अशा शब्दांमुळे वाचक स्वतःच्याच मनाला परका होतो, असा आक्षेप ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९८२ मध्ये घेतला. त्यात तथ्य आहे. परंतु ते अर्धेच. फ्रॉइड यांच्या मते 'इश्'चाही काही भाग अबोध असतो. व्यवहारात 'मी' म्हणणाऱ्याला हा भाग अभिप्रेत नसतो. सर्वनाम जसेच्या तसे राखले तरी व्याख्येची गरज टळत नाही, ती यामुळेच.

मराठीतील अडचण निराळी आहे. संस्कृतात 'अहम्' म्हणजे केवळ 'मी'. मूळ अर्थ पाहता ही निवड निर्दोष वाटते. परंतु मराठीत 'अहं' हा गर्वाचा वाचक झाला आहे. तो दुखावतो, तो कुरवाळला जातो. परिणामी 'रुग्णाचा अहम् दुर्बळ आहे' हे विधान सामान्य वाचकाला नम्रतेची प्रशस्ती वाटण्याचा संभव आहे. वास्तविक ते वैगुण्याचे निदान होय. सहजप्रेरणा, पराहम् आणि बाह्य जग यांच्या मागण्यांचा मेळ घालण्याची शक्ती उणी पडली आहे, असा त्याचा आशय असतो.

यावर अपरिचित शब्द घडविणे हा उपाय नव्हे. तसा शब्द गैरसमज टाळील, पण बोधही करून देणार नाही. हे कार्य परिभाषाकोशातील व्याख्येनेच केले पाहिजे. शास्त्रीय आशय सांगून न थांबता, लौकिक अर्थातील कोणता अंश राखला व कोणता वगळला, हेही तिने स्पष्ट करावे. अहम् म्हणजे अहंकार नव्हे आणि त्याचे बलवान असणे हे मानसिक स्वास्थ्याचे लक्षण मानले जाते, एवढी नोंदसुद्धा पुष्कळ अनर्थ टाळू शकेल.