पार्श्वसंगीताची रसिकता

चित्रपटसंगीत म्हणजे चित्रपटातील गाणी, ही समजूत महाराष्ट्रात बोलपटाच्या जन्मापासून रूढ आहे. आपला बोलपट संगीत नाटकाच्या मांडीवर वाढला आणि पदांचा वारसा त्याने आनंदाने उचलला. चित्रगृहातून बाहेर पडताना ओठांवर एखादी चाल आली म्हणजे पैसे वसूल झाले, असे प्रेक्षकही मानीत आले. प्रसंगाच्या पाठीमागे वाजणारे, शब्दावाचूनचे आणि कोणाही पात्राच्या तोंडी नसलेले जे संगीत, त्याकडे कान देणारा श्रोता पूर्वी विरळाच. अलीकडे मात्र अशा श्रोत्यांचा एक लहानसा परंतु मोठा उत्साही वर्ग निर्माण झाला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. हे रसिक पार्श्वसंगीताची ध्वनिमुद्रणे चित्रापासून वेगळी काढून ऐकतात, एकमेकांची गाठ पडताच ‘सध्या काय ऐकता?’ असे विचारतात, आणि मग आपापल्या आवडीवरून हिरीरीने वाद घालतात. हा वाद आम्हांस प्रिय आहे. ज्या कलेविषयी कोणी भांडत नाही ती कला मरणपंथाला लागली असे खुशाल समजावे. तथापि वादात जे निकष वापरले जातात ते तपासून घेणे अवश्य आहे, आणि तेवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

तपासणीसाठी आम्ही मुद्दाम नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आता अहिल्यानगर ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या, आसपासची उदाहरणे घेत आहो. बोलपटाशी नगरचे नाते जुने आहे. ‘प्रभात’च्या ‘माणूस’ (१९३९) ह्या चित्रपटाचे नायक शाहू मोडक मूळचे नगरचेच. परंतु गेल्या काही वर्षांत ह्या दुष्काळी पट्ट्याने मराठी चित्रपटास जे दिले ते अगदी निराळ्या जातीचे आहे. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ ह्यांचे दिग्दर्शक नागराज मंजुळे शेजारच्या करमाळा तालुक्यातील जेऊरचे, पण चित्रपटविद्येचे शिक्षण त्यांनी नगरच्या न्यू आर्ट्‌स महाविद्यालयात घेतले. ‘ख्वाडा’चे दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे श्रीगोंदे तालुक्यातील गव्हाणेवाडीचे. ह्या तीन चित्रपटांच्या ध्वनीकडे नीट कान दिला तर पार्श्वसंगीताविषयीच्या बहुतेक प्रश्नांची चर्चा त्यांतच होऊन जाते.

रसिकांमध्ये पहिला पक्ष आहे तो भव्यतेचा. वाद्यमेळ केवढा मोठा, ध्वनिमुद्रण कोठे झाले, व्हायोलिने किती होती, ह्यावर ह्या मंडळींचा निकाल अवलंबून असतो. ‘सैराट’ (२०१६) हे त्यांचे आवडते उदाहरण. अजय-अतुल ह्या बंधूंनी त्यातील संगीताचे ध्वनिमुद्रण अमेरिकेत सोनी कंपनीच्या प्रख्यात दालनात, पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून करवून घेतले, ह्याचे त्या वेळी केवढे कौतुक झाले! कित्येक टीकाकारांनी मात्र नाक मुरडले. उजनीच्या जलाशयाकाठच्या गावात हॉलिवुडचा वाद्यवृंद कशाला, असा त्यांचा प्रश्न.

आमच्या मते कौतुक करणारे आणि नाक मुरडणारे, दोघेही मुद्दा चुकले. वाद्यवृंदाचे मोल त्याच्या आकारात किंवा खर्चात नाही. तो कोणासाठी वाजतो ह्यात आहे. आजवर व्हायोलिनांचे असे उंच उसळणारे लोट आपल्या पडद्यावर कोणाच्या प्रेमासाठी वाजले? बंगल्यातल्या, मोटारीतल्या, बर्फाच्या डोंगरांवर फिरावयास जाणाऱ्या नायकनायिकांसाठी. ‘सैराट’मध्ये तेच लोट एका मासेमाराच्या मुलासाठी उसळतात. परशा विहिरीत उडी घेतो, उसाच्या फडातून धावतो, आणि त्याच्या मनातील आनंदास तेवढेच मोठे आकाश दिले जाते जेवढे पूर्वी श्रीमंताच्या मुलास मिळत असे. हा केवळ डामडौल नव्हे. ह्यात एक प्रकारचा न्याय आहे. ज्यांस हा न्याय ऐकू आला नाही आणि केवळ व्हायोलिनांची संख्याच मोजावीशी वाटली, त्यांनी संगीत कानांनी ऐकले असे म्हणवत नाही.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक विचारपूर्वक आहे. पार्श्वसंगीत चित्रावाचून स्वतःच्या पायांवर उभे राहिले पाहिजे, चित्राचा आधार काढताच जे कोसळते ते मुळात संगीतच नव्हे, असे हे रसिक मानतात. वेगळे काढून ऐकण्याची त्यांची सवय ह्याच मतातून आली आहे. ह्या मतास आमचे उत्तर एका प्रसिद्ध प्रसंगाने देता येईल. सत्यजित राय ह्यांच्या ‘पथेर पांचाली’त (१९५५) दुर्गा मरण पावलेली आहे, आणि हे ठाऊक नसलेला बाप परगावाहून येऊन तिच्यासाठी आणलेली साडी बायकोपुढे धरतो. आई कोसळते. तिचे तोंड आक्रोशाने उघडते. पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येतच नाही. त्याच्या जागी रविशंकर ह्यांच्या संगीतातील तारशहनाई उंच स्वरात किंकाळते. आता हेच स्वर चित्रावाचून ऐकावेत. चांगल्या वादकाने वाजवलेला एक उत्कट तुकडा, एवढेच तेथे उरते. आईचा हंबरडा तेथे नाही, कारण तो स्वरांत नव्हताच. तो उघड्या तोंडाच्या आणि त्या स्वरांच्या मधल्या जागेत होता. गद्याचा अर्थ जसा वाक्यात असतो, सुट्या शब्दात नसतो, तसा पार्श्वसंगीताचा अर्थ प्रसंगात असतो. वेगळे काढून ऐकण्यास आमची हरकत नाही. मात्र असे ऐकणे म्हणजे ओळखीच्या माणसाचे छायाचित्र पाहण्यासारखे आहे. ज्याने माणूसच पाहिला नाही त्याने छायाचित्रावरून स्वभावाची परीक्षा करू नये.

तिसरा पक्ष ह्याच्या अगदी उलट टोकाचा. उत्तम पार्श्वसंगीत ते की जे ऐकूच येत नाही, हे त्याचे सूत्र. सूत्र चटकदार आहे, परंतु टिकणारे नाही. हिचकॉक ह्यांच्या ‘सायको’तील (१९६०) स्नानगृहातील हत्येचा प्रसंग संगीतावाचून ठेवावा असा दिग्दर्शकाचा प्रथम विचार होता. संगीतकार बर्नार्ड हरमन ह्यांनी केवळ तंतुवाद्यांवर तीक्ष्ण स्वरांचे तडाखे रचून ऐकवले, तेव्हा हिचकॉक ह्यांनी आपला विचार मागे घेतला. ते संगीत ऐकू येत नाही असे कोण म्हणेल? आणि तीनच वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने ‘द बर्ड्‌स’ हा चित्रपट रूढ अर्थाच्या पार्श्वसंगीतावाचून काढला. पक्ष्यांचे कृत्रिम रीतीने घडवलेले ध्वनी आणि त्यांच्यामधली शांतता ह्यांवरच त्याने भागवले. म्हणजे संगीत ऐकू यावे की येऊ नये असा नियमच नाही. ते कोठे सुरू व्हावे आणि कोठे थांबावे, हा खरा प्रश्न.

हा प्रश्न आपल्याकडे कोणी विचारलाच नव्हता असे नाही. व्ही. शांताराम ह्यांच्या ‘कुंकू’त (१९३७) पार्श्वसंगीत मुळीच नाही, प्रसंगात स्वभावतः जे ध्वनी उमटतील त्यांवरच सारा भार टाकला आहे. जरठ नवऱ्याच्या घरात आणून बसवलेल्या नीरेच्या दुःखावर कोणतेही सारंगीवादन फुंकर घालीत नाही, आणि त्यामुळे ते दुःख प्रेक्षकास पुसून टाकता येत नाही. त्या चित्रपटाचे संगीतदिग्दर्शक केशवराव भोळे हे स्वतः मर्मज्ञ संगीतसमीक्षक होते, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्याला संगीत चांगले कळते त्यालाच ते कोठे नको हेही कळते.

‘ख्वाडा’ ह्याच वाटेने गेला. धनगराच्या बिऱ्हाडाची ही कथा. त्यातील ध्वनी नंतर दालनात बसून भरलेले नाहीत; चित्रणाच्या जागीच ते टिपले आहेत, आणि जागेवरील ध्वनिलेखनाचा राष्ट्रीय पुरस्कार (२०१४ सालच्या चित्रपटांसाठीचा) ह्या चित्रपटास मिळाला. मेंढरांचे बेंबाटणे, माळावरचा वारा, माणसांची हाळी, हेच त्या चित्रपटाचे वाद्यवृंद आहेत. पार्श्वसंगीताच्या रसिकांच्या यादीत असल्या ध्वनीस जागा नसते. आमच्या मते असावी.

‘फँड्री’त हा विवेक सर्वांत कडक रीतीने दिसतो. त्याची कथा नगरजवळच्या अकोळनेर गावात घडते. चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी अजय-अतुल ह्यांनी केलेले गीत घरोघरी पोहोचले. परंतु चित्रपटाचे पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ता ह्यांचे आहे, आणि ते फार थोड्यांच्या लक्षात राहिले. ते मोजके आहे म्हणून विसरले गेले असेल. त्यातील दोन प्रसंग आम्हांस विशेष वाटतात, आणि दोन्हींत संगीत गावातूनच येते, संगीतकाराच्या दालनातून नव्हे. पहिला जत्रेचा. वाद्ये घुमत असतात, जब्या भान विसरून नाचतो, आणि मग त्याच्या डोक्यावर मिरवणुकीची बत्ती दिली जाते. वाद्ये तीच, ताल तोच. पण आता तो ताल त्याचा राहिलेला नाही. दुसरा प्रसंग शाळेजवळचा. माने कुटुंब डुकराच्या मागे धावत असते, डुक्कर हाती लागण्याच्या बेतात असते, इतक्यात शाळेतून राष्ट्रगीताचे स्वर येतात. सारे जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर निघून जाते. ह्या जागी एखाद्या करुण बासरीने प्रेक्षकास काय वाटावे हे सांगितले असते तर प्रसंगाचे वाटोळे झाले असते. राष्ट्रगीताहून दुसरा स्वर तेथे नाही, म्हणूनच आपण हसावे की मान खाली घालावी हे आपल्याला कळेनासे होते.

आता ‘सैराट’कडे पुन्हा वळू. त्याची चारही गाणी पूर्वार्धात येऊन जातात. प्रेमिक पळून हैदराबादेस पोहोचतात, झोपडपट्टीत राहतात, कष्ट करतात, भांडतात, संसार उभा करतात. चित्र जसे जमिनीवर येते तसा वाद्यवृंदही आपला पिसारा मिटून घेतो. शेवटी आर्चीचा भाऊ माणसे बरोबर घेऊन, माहेरच्या भेटवस्तू घेऊन घरी येतो. चहा होतो. पुढे जे घडते ते पडद्यावर दाखवलेलेच नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले लहान मूल परत येते, आत जाते, आईबापांस पाहून रडू लागते आणि रक्ताने भरलेली पावले उमटवीत बाहेर पडते. ह्या जागी संगीत नाही. अखेर मुलाचे रडणेही ऐकू येईनासे होते. राय ह्यांनी आईच्या आक्रोशाच्या जागी तारशहनाई ठेवली. मंजुळे ह्यांनी मुलाच्या आक्रोशाच्या जागी काहीच ठेवले नाही. दोन्ही निर्णय थोर आहेत. पण राय ह्यांच्या प्रेक्षकास त्या स्वरांत निदान रडण्यास जागा मिळते. ‘सैराट’च्या प्रेक्षकास तीही मिळत नाही.

आमच्या मते ‘सैराट’च्या संगीतातील सर्वांत मोठा निर्णय हाच. अमेरिकेतील ध्वनिमुद्रणाचे वैभव ह्या शांततेवाचून अपुरे आहे. कान तृप्त करून मग तो उपाशी ठेवला आहे. आणि नेमकी हीच गोष्ट कोणत्याही ध्वनिमुद्रिकेवर मिळत नाही, कारण शांतता वेगळी काढून विकता येत नाही. ‘सध्या काय ऐकता?’ ह्या प्रश्नास ‘सैराट’ असे उत्तर देणारा रसिक बहुधा त्याचा अर्धा भाग ऐकत असतो.

हा केवळ कलेचा काथ्याकूट आहे असे कोणी समजू नये. ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. त्याच वर्षी २८ एप्रिल रोजी ह्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील खर्डा गावी, एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. वरच्या जातीच्या मुलीशी बोलण्यावरून ती झाल्याचे त्या वेळी सांगितले गेले. २०१७ साली सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. खर्ड्याच्या घटनेनंतर दोन वर्षांनी ‘सैराट’ आला, आणि त्याचे नाचाचे गाणे गावोगावच्या वरातींत वाजू लागले. ज्या वरातीत नवरानवरीची जात आधी चारदा तपासून पाहिलेली असते, त्या वरातीतही ते वाजते. गाण्याचा त्यात दोष नाही. आनंदाचे गाणे आनंदात वाजणारच. परंतु एका चित्रपटातून नाच तेवढा उचलावा आणि शांतता चित्रगृहातच ठेवून यावे, हे आपल्या समाजाच्या ऐकण्याचे लक्षण होऊन बसले आहे. चित्रापासून संगीत वेगळे काढणारा रसिक आणि चित्रपटापासून गाणे वेगळे काढणारी वरात, ह्यांत अंतर आहे खरे. पण वाटते तितके नाही.

म्हणून रसिकांस आमची एवढीच विनंती आहे. ध्वनिमुद्रणे अवश्य ऐकावीत, त्यांवर भांडावे, आपली आवड ठासून सांगावी. मात्र एखाद्या पार्श्वसंगीतास श्रेष्ठ ठरवण्यापूर्वी तो चित्रपट पुन्हा एकवार पाहावा, आणि संगीत कोठे सुरू होते ह्याबरोबरच ते कोठे थांबते, आणि थांबल्यावर मागे काय ऐकू येते, हेही टिपून ठेवावे. मग पुढल्या भेटीत ‘सध्या काय ऐकता?’ असे कोणी विचारले, तर त्या टिपणातूनच उत्तर द्यावे. वाद त्यानेही मिटणार नाही. पण तो अधिक कामाच्या गोष्टींवर होईल.