वास्तूचा जीर्णोद्धार आणि कलेचे स्थलांतर : किंग्स्टन येथील डेव्हन हाऊस – एक चिकित्सा

प्रस्तावना

वसाहतकाळातील एखाद्या धनिकाचा वाडा शासनाने ताब्यात घ्यावा, त्याची डागडुजी करावी आणि त्यात कलादालन उघडावे, ही रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक नवस्वतंत्र देशांमध्ये रूढ झाली. कॅरिबियन समुद्रातील बेटांवर तिची ठळक उदाहरणे आढळतात. अशा वास्तूंविषयी होणारे लेखन बहुधा दोनच सुरांत असते. एक सूर कौतुकाचा : छत उंच आहे, झडपांतून येणारा वारा गार आहे, बागेतील ताडवृक्ष जुने आहेत. दुसरा सूर निषेधाचा : हे वैभव गुलामांच्या घामावर उभे राहिले. दोन्ही सुरांत तथ्य आहे. परंतु दोहोंतून एक प्रश्न निसटतो. वाडा दुरुस्त करताना तो कोणत्या वर्षाचा करायचा, आणि ते वर्ष कोणी ठरवायचे?

प्रस्तुत लेखात जमैकाची राजधानी किंग्स्टन येथील डेव्हन हाऊस या वास्तूच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. १९७४ ते १९८२ अशी आठ वर्षे या घरात जमैकाचे राष्ट्रीय कलादालन होते. आज ते तेथे नाही. घर मात्र आहे, आणि पूर्वीपेक्षा अधिक सजलेले आहे.

मराठीत अशा कामाला सहजपणे ‘जीर्णोद्धार’ म्हटले जाते. हा शब्द मुळात देवळाचा. देऊळ दुरुस्तीला काढले की मूर्ती तात्पुरती दुसरीकडे हलवतात आणि काम पुरे झाल्यावर विधिपूर्वक परत आणतात. कारण देऊळ मूर्तीसाठी असते. डेव्हन हाऊसमध्ये हा क्रम उलटा झालेला दिसतो. घराची दुरुस्ती झाली, कला आत आली, काही वर्षे राहिली, आणि मग ती बाहेर जाऊन तिच्या जागी खुर्च्या-टेबले व झुंबरे आली. येथील जीर्णोद्धार अखेर कोणत्या मूर्तीसाठी झाला, असा प्रश्न त्यामुळे उपस्थित होतो.

घर कोणाचे?

डेव्हन हाऊसला सरसकट ‘गोऱ्या मळेवाल्याचा वाडा’ म्हणता येत नाही, आणि येथेच या वास्तूचे वेगळेपण आहे. १८८१ मध्ये ते बांधणारा जॉर्ज स्टीबल हा जर्मन ज्यू व्यापाऱ्याचा आणि त्याच्या घरी काम करणाऱ्या कृष्णवर्णीय जमैकन स्त्रीचा मुलगा. त्याची सुरुवात सुतारकामापासून झाली. पुढे व्यापार आणि व्हेनेझुएलातील सोन्याच्या खाणी यांतून त्याने अफाट संपत्ती मिळवली. जमैकाचा पहिला कृष्णवर्णीय लक्षाधीश म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. मायदेशी परतल्यावर त्याने जमिनी घेतल्या आणि सेंट अँड्र्यू परगण्याचा कस्टॉस, म्हणजे गव्हर्नरचा स्थानिक प्रतिनिधी, हे मानाचे पदही त्याला मिळाले.

त्याने बांधलेले घर मात्र ज्यांनी त्याच्या आईसारख्यांना स्वयंपाकघरापलीकडे येऊ दिले नाही, त्यांच्याच भाषेत बोलते. दर्शनी भागाची काटेकोर सममिती, शुभ्र रंग, खांबांचा व्हरांडा, सरकत्या तावदानांच्या खिडक्या हा सारा इंग्रजी जॉर्जियन घाट आहे. उष्ण हवेसाठी त्यात लाकडी झडपा आणि खोल सावली यांची भर पडली, एवढेच. हे अनुकरण आहे की आव्हान? दोन्ही वाचने शक्य आहेत, आणि त्यांपैकी एकाचीच निवड करणे घाईचे ठरेल. सुतार असलेल्या माणसाने मालकाचे घर मालकापेक्षा सरस बांधून दाखवावे, यात शरणागती आहे आणि अरेरावीही.

गव्हर्नर सर अँथनी मस्ग्रेव्ह यांच्या पत्नीला एका ‘काळ्या’ माणसाचे हे भव्य घर येता-जाता पाहणे सोसेना. म्हणून घराला वळसा घालून जाणारा नवा रस्ता तिने करवून घेतला, अशी आख्यायिका किंग्स्टनमध्ये सांगितली जाते. लेडी मस्ग्रेव्ह रोड हे नाव आजही नकाशावर आहे. आख्यायिकेला पुरावा नसतो. परंतु लोकांनी ती जपली, यातून त्यांनी या घराकडे कसे पाहिले हे समजते. या कथेला एक पुढचा धागाही आहे, जो सहसा जोडला जात नाही. याच मस्ग्रेव्ह यांनी १८७९ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ जमैका ही संस्था स्थापन केली. तिच्याच कलासंग्रहातून पुढे राष्ट्रीय कलादालन उभे राहिले, आणि ते कलादालन सुरू झाले स्टीबलच्या घरात. गव्हर्नरीणबाईंना जे घर दिसायलाही नको होते, त्याच घराच्या भिंतींवर त्यांच्या पतीच्या संस्थेचा संग्रह लागला. इतिहासाला कधीकधी विनोदबुद्धी असते, असे येथे म्हणावेसे वाटते.

स्टीबल १८९६ मध्ये मरण पावला. नंतर घराची मालकी बदलत गेली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ते रमच्या उद्योगातील लिंडो कुटुंबातील सेसिल लिंडो यांच्याकडे आले. ट्रॅफल्गर रोड आणि होप रोड यांच्या या तिठ्यावर इतरही धनिकांचे वाडे होते, म्हणून या भागाला ‘लक्षाधीशांचा कोपरा’ म्हणत. १९६० च्या दशकात जमिनीचे भाव वाढले तसे ते वाडे पडले. डेव्हन हाऊसही त्याच वाटेवर होते. तत्कालीन मंत्री एडवर्ड सियागा यांच्या पुढाकाराने शासनाने ते वाचवले, टॉम कॉन्कॅनन यांच्या देखरेखीखाली त्याची दुरुस्ती झाली आणि १९६८ च्या जानेवारीत ते लोकांसाठी खुले झाले. जमैकाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा जेमतेम साडेपाच वर्षे झाली होती.

भिंती आणि चित्रे

१९७४ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय कलादालन या घरात सुरू झाले. १९७५ पासून डेव्हिड बॉक्सर यांच्याकडे त्याची सूत्रे आली. नव्या राष्ट्राने आपल्या कलेचा पहिला सलग इतिहास येथे राहून मांडला. १९७६ चे ‘फाइव्ह सेंच्युरीज ऑफ आर्ट इन जमैका’ हे प्रदर्शन या दृष्टीने पायाभूत होते.

कलादालनाच्या संग्रहाचे मूळ एडना मॅन्ली यांच्या ‘नीग्रो अराउज्ड’ या १९३५ च्या शिल्पात आहे. महोगनीच्या लाकडातील हा अर्धपुतळा लोकवर्गणीतून १९३७ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ जमैकासाठी विकत घेतला गेला. मान मागे झुकलेली, चेहरा वर वळलेला, दंड जड आणि जमिनीकडे खेचलेले. उठू पाहणारा देह आणि त्याला खाली ओढणारे वजन यांचा ताण त्यात आहे. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, बेटावर कामगारांचा मोठा उठाव झाला. अशा शिल्पाला जेवणघरात किंवा नृत्यशाळेत जागा द्यायची म्हणजे नेमके काय, हा केवळ मांडणीचा प्रश्न राहत नाही. श्रीमंताच्या दिवाणखान्यात भिंतीवर काय असावे याचे अलिखित नियम असतात : घरमालकाची तसबीर, मळ्याचा देखावा, शिकारीचे दृश्य. या नियमांसाठी बांधलेल्या खोल्यांत मळ्यावर राबणाऱ्याने स्वतः काढलेले चित्र लावले की खोली आणि चित्र एकमेकांची उलटतपासणी घेऊ लागतात.

जॉन डन्कली यांच्या चित्रांचा विचार या संदर्भात उपयुक्त ठरतो. १८९१ मध्ये जन्मलेले डन्कली पनामा आदी देशांत कष्ट करून किंग्स्टनला परतले आणि न्हाव्याचे दुकान चालवू लागले. दुकानच त्यांनी आधी फुला-वेलींनी रंगवून काढले. १९४७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची चित्रे म्हणजे उष्णकटिबंधाच्या पर्यटकी प्रतिमेचे खंडनच होय. त्यांत सूर्य नाही, निळा समुद्र नाही. काळपट हिरव्या आणि राखी छटांत वाटा आत आत जातात, छाटलेले बुंधे उभे असतात, आणि कोठेतरी एखादा लहानसा प्राणी दबकून बसलेला असतो. ‘बनाना प्लँटेशन’ या चित्राचे नाव मळ्याचे आहे. परंतु तो मळा व्हरांड्यातून दिसणारा नव्हे, तर झाडांच्या मुळाशी बसलेल्याला दिसणारा आहे. बागेकडे उघडणाऱ्या प्रशस्त खिडक्यांच्या घरात असे चित्र भिंतीवर असणे म्हणजे खिडकीतील दृश्याला समोरच्याच भिंतीवरून मिळालेले उत्तर होय.

१९७९ चे ‘द इन्ट्यूटिव्ह आय’ हे प्रदर्शन या आठ वर्षांतील सर्वांत महत्त्वाची घटना मानावी लागते. डन्कली, कापो या नावाने ओळखले जाणारे मॅलिका रेनॉल्ड्स, एव्हरल्ड ब्राउन अशा कलाशाळेत न शिकलेल्या कलावंतांना ‘आदिम’ किंवा ‘भाबडे’ म्हणण्याची रूढी बॉक्सर यांनी नाकारली आणि त्यांच्यासाठी ‘इन्ट्यूटिव्ह’, म्हणजे अंतःप्रेरणेने निर्मिती करणारे, ही संज्ञा पुढे आणली. कापो हे रिव्हायव्हल पंथाचे धर्मगुरू. त्यांच्या शिल्पांत अंगात येण्याचा क्षण लाकडाच्या पिळातून उतरतो. ब्राउन हे रस्ताफारी; चुनखडीच्या डोंगरात दिसलेल्या आकृती त्यांच्या चित्रांत आल्या. वसाहतकाळात ज्या पंथांना ‘सभ्य’ समाज हिणवत असे, त्यांची दृष्टी आता राष्ट्राची कला म्हणून मान्य झाली.

या संज्ञेवर पुढे बराच वाद झाला, आणि तो निरर्थक नव्हता. ‘अंतःप्रेरणा’ म्हणताना कलावंताचे कौशल्य, त्याचा विचार, त्याने केलेली निवड यांकडे दुर्लक्ष होण्याचा धोका आहे. डन्कलींची चित्ररचना इतकी बेतलेली आहे की तिला निव्वळ प्रेरणा म्हणणे हा त्यांच्या बुद्धीवर अन्याय ठरतो. शिवाय कोण ‘शिकलेला’ आणि कोण ‘अंतःप्रेरित’ हे ठरवण्याचा अधिकार शिकलेल्यांकडेच राहतो. तथापि या कलावंतांना मुख्य दाराने आत आणले गेले, आणि ते दार स्टीबलच्या घराचे होते, ही गोष्ट उरते. हे घर बांधणाऱ्यालाही मुख्य दाराने येण्यासाठी आधी ते दार स्वतःच बांधावे लागले होते.

स्थलांतर

१९८२ मध्ये कलादालन किंग्स्टन बंदराजवळील एका आधुनिक इमारतीत हलवण्यात आले. कारण व्यावहारिक होते : संग्रह वाढला आणि घर अपुरे पडू लागले. हे कारण खोटे ठरवता येत नाही. उष्ण दमट हवा, झडपांतून येणारा प्रकाश, राहण्यासाठी बेतलेल्या खोल्या यांत मोठा संग्रह सांभाळणे कठीणच. घर वाचवणारे सियागा तेव्हा पंतप्रधान होते आणि कापोंच्या कलेचे ते जुने चाहते होते. त्यामुळे कलेविषयीच्या अनास्थेतून हे घडले, असा आरोपही टिकत नाही.

प्रश्न आहे तो रिकाम्या झालेल्या घराचे पुढे काय केले याचा. घराला स्टीबलच्या काळाचे रूप देण्यात आले. आज मार्गदर्शकासोबत फिरणाऱ्या प्रेक्षकाला जमैकन, इंग्रजी व फ्रेंच घडणीचे जुने फर्निचर, जेवणाचे मांडलेले टेबल, नृत्यशाळा आणि वर माळ्यावरची गुप्त जुगारखोली दाखवली जाते. घर १८८१ वर येऊन थांबते. १९७४ ते १९८२ या वर्षांसाठी एकही खोली राखलेली नाही. ज्या भिंतींवर एका राष्ट्राने स्वतःचे रूप प्रथमच सलगपणे पाहिले, त्यांच्याकडे आता खुर्च्यांमागची पार्श्वभूमी म्हणून पाहिले जाते. मागील अंगणाभोवतीच्या तबेल्यांसारख्या कामाच्या जागांत दुकाने आहेत. तेथील आइस्क्रीम प्रसिद्ध आहे आणि सुटीच्या दिवशी त्यासाठी रांग लागते. या रांगेकडे नाके मुरडण्याचे कारण नाही. किंग्स्टनची सर्व थरांतील माणसे या आवारात निःसंकोच येतात, ते तिच्यामुळे. मात्र घरात राबणाऱ्यांची जागा खरेदीची झाली आणि मालकाची जागा तेवढी ‘इतिहास’ झाली, ही वाटणी नजरेआड करता येत नाही.

दुसरा मार्ग नव्हता, असे नाही. बहामाच्या नसाऊ शहरातील व्हिला डॉयल ही १८६० च्या दशकातील वास्तू सर विल्यम डॉयल या न्यायाधीशाचे निवासस्थान होती. दुरवस्थेतून ती सावरली गेली आणि २००३ मध्ये तेथे राष्ट्रीय कलादालन सुरू झाले. तेथे न्यायाधीशाचे जेवणघर पुन्हा मांडलेले नाही. व्हरांडे, लाकडी जिना, उंच छत कायम आहे. पण खोल्यांवर हक्क चित्रांचा आहे. घरांना रंग देण्याचे काम करणारे आणि त्याच रंगांनी पुठ्ठ्यावर बायबलमधील प्रसंग व बहामाचे लोकजीवन रंगवणारे अॅमॉस फर्ग्युसन हे या देशाचे एक थोर चित्रकार. त्यांचे काम अशा वास्तूत पाहताना, एके काळी अशा घराच्या भिंती रंगवायलाच तेवढा आत येऊ शकला असता असा माणूस आता त्या भिंतींवर स्वतःच्या नावाने आहे, हे प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नाही.

डेव्हन हाऊसमध्ये हे सांगण्याची सोय अजूनही आहे. सगळा संग्रह परत आणण्याची गरज नाही, आणि ते शक्यही नाही. वरच्या मजल्यावरील एक खोली फर्निचरविना ठेवून तेथे त्या आठ वर्षांची प्रदर्शने, त्यांची छायाचित्रे आणि संग्रहातून आळीपाळीने आणलेले एखादे चित्र, एवढे केले तरी घराचे घड्याळ १८८१ च्या पुढे सरकेल. तूर्त ‘नीग्रो अराउज्ड’ बंदराजवळच्या कलादालनात आहे, आणि त्याची ब्राँझमधील मोठी आवृत्ती तेथून जवळच, किंग्स्टनच्या किनाऱ्यावर, समुद्राच्या वाऱ्यात उघड्यावर उभी आहे. होप रोडवरील घराच्या फेरीत तिचा समावेश नसतो.