स्वस्त म्हणजे किती दिवस?

पुस्तकावर टीका लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे कुणी विचारण्याआधीच सांगून टाकतो: काहीही नाही. मी बी.कॉम. आहे, बँकेत कारकून आहे, आणि परदेशाशी माझा संबंध फॉरिन एक्स्चेंजच्या व्हाउचरापलीकडे गेलेला नाही. पण एकही नाटक न लिहिता माणसे जन्मभर नाट्यसमीक्षा करतात. मग पासपोर्ट नसताना मी प्रवासाच्या मार्गदर्शक पुस्तकांवर चार शब्द लिहिले, तर सरस्वती काही रुसणार नाही.

या वाङ्मयप्रकाराशी माझी गाठ पडली ती भाचीमुळे. ती बँकॉकच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला निघाली. ताईने मुदतीआधी ठेव मोडली, व्याजावर पाणी सोडले, आणि कन्येने एक जाडजूड पुस्तक माझ्या पुढ्यात टाकले. म्हणाली, "मामा, यातलं परवडणारं हॉटेल तुम्हीच काढा. आकडे म्हणजे तुमचा प्रांत."

मी चार रात्री ते पुस्तक वाचले. भाषा छान. इतकी छान, की मला संशय आला. कर्जाच्या अर्जात भाषा फार गोड असली, की आम्ही आधी तारण बघतो.

तसे या पुस्तकांचे घराणे खानदानी आहे. आर्थर फ्रॉमर नावाच्या अमेरिकन वकिलाने 1957 साली रोज 5 डॉलरात युरोप दाखवणारे पुस्तक काढले. त्या पाचात राहणे आणि जेवण दोन्ही बसवले होते. पुढच्या आवृत्त्यांत नावातला डॉलरचा आकडा वाढत गेला. महागाई निर्देशांक पुस्तकाच्या नावातच छापण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. मग टोनी आणि मॉरीन व्हीलर हे जोडपे आले. त्यांनी 1973 साली स्वस्तात आशिया ओलांडण्याचे आणि 1975 साली आग्नेय आशियाचे पुस्तक काढले. दुसरे तर सिंगापूरच्या एका स्वस्त हॉटेलात बसून लिहिले. म्हणजे लेखकाने स्वतः ढेकणांशी वाटाघाटी केल्या होत्या. त्याबद्दल माझा नमस्कार.

माझी तक्रार निराळीच आहे. या सगळ्या पुस्तकांचा नायक एकच: पाठीवर पिशवी टाकलेला तरुण, ज्याला परवा पुढच्या गावी जायचे आहे. त्याची 'स्वस्त'ची व्याख्या एका रात्रीची. पंखा घरघरतो? चालेल, दोनच रात्री आहेत. न्हाणीघर सार्वजनिक? चालेल, उद्या समुद्रच आहे. शिकवायला गेलेल्या माणसाचे गणित उलटे. तो जाण्यासाठी आलेला नसून राहण्यासाठी आलेला असतो, आणि त्याचा पहिला पगार महिना भरल्यावर व्हायचा असतो. त्याला हॉटेल नको असते, पगारापर्यंतचा पूल हवा असतो.

आता हा पूल बांधून पाहू. समजा, रोजची खोली 500 बाटला मिळाली. तीस रात्रींचे 15,000 झाले. उलट महिन्याच्या बोलीवरची साधी खोली समजा 6,000 ला आहे. निम्म्याहून स्वस्त! पण थांबा. तिकडचे बरेच घरमालक दोन महिन्यांचे डिपॉझिट आणि एका महिन्याचे भाडे आगाऊ मागतात. म्हणजे दारात पाऊल टाकताना 18,000 रोख. पर्समध्ये 16,000 घेऊन उतरलेल्या मुलीला महागाची खोली परवडते, स्वस्ताची परवडत नाही! आपल्याकडे पागडीच्या खोलीसाठी बायकोचे दागिने विकलेल्या पिढीला हे समजावून सांगायला नको. स्वस्ताई ही बहुधा आधीच पैसे असणाऱ्यांची सोय असते. साडेसातशे पानांच्या त्या पुस्तकात हे एक वाक्य मला कुठे सापडले नाही.

दुसरे प्रकरण चिन्हांचे. जरा बऱ्या हॉटेलांच्या दरापुढे दोन अधिक चिन्हे असतात. मला वाटले, चहा-नाश्ता अधिक असेल. तो असतो 10 टक्के सेवाशुल्क आणि 7 टक्के कर! आणि कर लागतो तो सेवाशुल्क मिळवलेल्या रकमेवर. 10 आणि 7 मिळून 17 असे पाचवीतला मुलगा सांगेल, पण 1,000 चे होतात 1,177. चक्रवाढीचा हा चिमटा पुस्तकाने तळटीपेत ठेवलाय. तिथेच, परक्या कार्डावर यंत्रातून पैसे काढले की दर खेपेला 200 बाटांहून जास्त शुल्क पडते, हेही बारीक अक्षरात. रोजच्या 500 साठी रोज यंत्राकडे जाणाऱ्याचे काय होईल, याचा ताळेबंद ज्याने त्याने मांडावा.

तिसरा मुद्दा रसग्रहणाचा. पुस्तकाचे लाडके ठिकाण म्हणजे खाओ सान रस्ता. नावाचा अर्थ सडलेला तांदूळ, कारण पूर्वी तिथे तांदळाचा बाजार होता. 1980 च्या दशकात तिथे पिशवीवाल्यांची अतिथीगृहे निघाली. पुस्तक म्हणते, "रात्र इथे कधी संपत नाही." खरे असेल. पण थायलंडात सकाळी आठ वाजता शाळेच्या पटांगणात राष्ट्रगीत होते आणि मास्तरणीने झेंड्यासमोर ताठ उभे राहायचे असते. शिवाय 1999 साली सुरू झालेली उंचावरची रेल्वे त्या बाजूला जात नाही. भुयारी रेल्वेचे त्यातल्या त्यात जवळचे स्टेशन 2019 साली झाले, तेही पायपीट करून गाठायचे. न संपणारी रात्र ज्याला सकाळी हजेरी नाही त्यालाच परवडते.

तेव्हा या वाङ्मयाकडे समीक्षक म्हणून माझी मागणी एवढीच: विशेषणे कमी करा, तारखा वाढवा. 'परवडणारे' हे विशेषण नव्हे, ती दोन तारखांमधली वजाबाकी आहे: उतरल्याची तारीख आणि पगाराची तारीख. भाचीला मी पुस्तक परत केले आणि सोबत एक कागद दिला. पहिल्या तीनच रात्री हॉटेलात, तेही शाळेच्या आसपास. मग शाळेतल्या जुन्या शिक्षकांना विचारून महिन्याची खोली. घरमालकाला चार प्रश्न: डिपॉझिट किती आणि परत कधी? विजेचा युनिटचा दर सरकारी की तुमचा? पगार झाल्यावर डिपॉझिटचा दुसरा हप्ता चालेल का? आणि परदेशी भाडेकरू आल्याचे 24 तासांत इमिग्रेशनला कळवण्याची तुमची जबाबदारी तुम्ही पाळता ना? कारण ती पावती पुढे व्हिसा वाढवताना लागते.

भाचीने कागद वाचून विचारले, "मामा, यात बघण्यासारखं काहीच नाहीये?"

मी शेवटी एक ओळ घातली: पाहुरात भागातला गुरुद्वारा, तिथला लंगर. पोटभर, फुकट, दोन अधिक चिन्हांशिवाय. बाकीचे बँकॉक पगार झाल्यावर बघावे. ते कुठे पळून जात नाही, आणि पगार झालेल्या माणसाला कुठलेही शहर जास्त सुंदर दिसते, असा आम्हा बँकवाल्यांचा दर महिन्याच्या अखेरचा अनुभव आहे.