सेनेकाचें पथ्य

रोमन तत्त्ववेत्ता सेनेका लुसिलियसला लिहिलेल्या ९५ व्या पत्रांत रोगांच्या वाढीचा दोष आचाऱ्यांच्या वाढत्या संख्येवर ठेवतो. विलासांत पुरुषांची बरोबरी करणाऱ्या स्त्रियांस टक्कल व पायांचा संधिवातहि जडला, असें बजावतो. हा उपदेश पोकळ नव्हे. तारुण्यांत सोडलेलीं कालवें व अळंबीं त्यानें उतारवयांतहि वर्ज्यच ठेविलीं.

परंतु ऑगस्टसच्या काळापासूनच रोममध्यें सुमारें २ लक्ष नागरिकांस मोफत धान्य मिळे. त्यांतील बहुतेकांच्या घरीं आचारी नव्हता. हिंवताप मात्र होता. गरिबाचा हा ताप सेनेकाच्या युक्तिवादांत बसत नाहीं. आजार हें दुराचाराचेंच फळ मानलें, कीं निरपराध रोगीहि अपराधी ठरतो. सेनेकाचीं पत्रें संयमासाठीं अवश्य वाचावींत. रोगनिदानासाठीं नव्हेत, असें आम्हांस वाटतें.