दोन मैत्रिणी, एक मोटार

मित्रमंडळींसह हिमपर्वतांतून केलेल्या मोटारप्रवासाचीं वर्णनें मराठींत हल्लीं पुष्कळ येतात. मनालीहून निघावें, रोहतांग चढावा, बारालाचा व तंगलंग ह्या खिंडींच्या उंचीचे आंकडे द्यावे आणि लेहला पोंचून समाप्ति करावी, असा त्यांचा ठराविक मार्ग असतो. सोबती मोटारींत बसलेले असतात खरे, पण पुस्तकांत ते फार तर चहाच्या वेळीं दिसतात. अशा वाचनानें कंटाळून आम्हीं एला मायार ह्या स्विस लेखिकेचें १९४७ सालचें ‘द क्रूएल वे’ हें पुस्तक पुन्हां हातीं घेतलें.

प्रवास १९३९ चा. जिनीव्हाहून दोन मैत्रिणी एका फोर्ड मोटारींतून निघाल्या, आणि इस्तंबूल, इराण, हेरात असें करीत हिंदुकुश ओलांडून काबूलला पोंचल्या. दुसरी आनमारी श्वार्त्सेनबाख. ती स्वतः चांगली लेखिका व छायाचित्रकार होती. परंतु मॉर्फिनच्या व्यसनानें पोखरलेली. त्या विषापासून तिला दूर न्यावें, हा मायारबाईंचा एक हेतु होता. म्हणजे येथें रस्ता हाच औषध म्हणून योजिलेला आहे, आणि तें औषध लागू पडतें कीं नाहीं ही चिंता आरंभापासूनच वाचकाच्या मनाला लागते.

ह्या चिंतेमुळेंच ह्यांतील पर्वतांस वजन आलें आहे. अरारातचें हिमाच्छादित शिखर येवो कीं हिंदुकुशांतील दहा हजार फुटांच्या सुमाराचा शिबर घाट येवो, आपण शिखराकडे पाहण्याआधीं शेजारच्या आसनावरील चेहऱ्याकडे पाहूं लागतों. तिला हें दिसत आहे काय? बामियानच्या कड्यांत कोरलेल्या ज्या बुद्धमूर्ति ह्या दोघींनीं पाहिल्या, त्या २००१ मध्यें तालिबाननें फोडून टाकल्या. त्यामुळें तें प्रकरण आज दुहेरी जड झालें आहे.

दोष नाहींत असें नाहीं. महायुद्धाचीं वर्षें मायारबाईंनीं दक्षिण हिंदुस्थानांत, रमण महर्षींच्या सान्निध्यांत काढलीं. त्या चिंतनाची छाया मागें पडून प्रवासांतील संवादांवर पसरली आहे. मोटारींतल्या दोघी मधूनच आश्रमांत बसल्यासारख्या बोलूं लागतात, आणि मग आम्हांस इंजिनाचा आवाज ऐकूं येईनासा होतो.

याहून मोठा आक्षेप निराळा आहे. पुस्तकांत मैत्रिणीचें नांव बदलून ‘ख्रिस्तीना’ केलें आहे. पण नांव बदलल्यानें दुःख परकें होत नाहीं. आनमारी १९४२ मध्यें, सायकलवरून पडून झालेल्या दुखापतीनंतर, अवघ्या चौतीस वर्षांची असतां वारली होती. पुस्तक निघालें तेव्हां उत्तर देण्यास ती नव्हती. तिनें ह्याच प्रवासासंबंधीं लिहिलेले लेख ‘आल्ले वेगे झिंट ओफन’, म्हणजे ‘सर्व वाटा मोकळ्या’, ह्या नांवानें २००० सालीं एकत्र निघाले, हें बरें झालें. वृत्तपत्रांसाठीं लिहितांना कोणी आपलें दुखणें मांडीत नाहीं, हें खरें. तरीपण मायारबाईंच्या पानांवर जी रोगी म्हणून भेटते, ती येथें पाहणारी, थकणारी, मोटार हांकणारी स्वतंत्र बाई म्हणून भेटते. हीं दोन पुस्तकें एकमेकांवांचून वाचूं नयेत, असें आम्हांस वाटतें.

मायारबाईंच्या बाजूनें एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. त्यांनीं आपला पराजय लपविला नाहीं. काबूलला पोंचतात तों युरोपांत युद्ध पेटलेलें, आणि मैत्रीण पुन्हां मॉर्फिनकडे वळलेली. दोघींची सोबत तेथें तुटली. हिंदुकुश मागें पडला होता, आणि त्यानें कांहीं बरें केलें नव्हतें. १९४० च्या जानेवारींत आनमारी आपल्या मुंबई बंदरांतून युरोपास परत गेली. मायारबाई हिंदुस्थानांतच राहिल्या.