बेलवलकरांच्या पलीकडचा शेक्सपिअर

मराठी रंगभूमीवर शेक्सपिअर आज कुठे आहे, असं विचारलं तर बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येतं: ‘नटसम्राट’चे नायक गणपतराव बेलवलकर. वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ १९७० साली गोवा हिंदू असोसिएशनने रंगमंचावर आणलं, डॉ. श्रीराम लागूंनी त्यात जीव ओतला आणि २०१६ मध्ये नाना पाटेकरांच्या चित्रपटाने ते नव्या पिढीपर्यंत पोचवलं. त्या नाटकाचं मोठेपण मला शंभर टक्के मान्य आहे. पण त्याच्या सावलीत त्यामागचा मूळचा, शेक्सपिअरचा राजा लिअर आपल्याला दिसेनासा झाला, हेही तितकंच खरं.

लिअर हा चुकलेला बाप आहे. स्तुतीला हपापलेला हा राजा खरं बोलणाऱ्या धाकट्या मुलीला, कॉर्डेलियाला, हाकलून देतो. वादळात उघड्यावर पडल्यावर त्याला उमगतं, की राज्य करताना आपण गरिबांकडे कधी पाहिलंच नाही. बेलवलकरांच्या घरात कॉर्डेलिया नाही. त्यांनी जिच्यावर अन्याय केला अशी लेक नाही. आहे ती जन्मभर साथ देणारी बायको, कावेरी. त्यामुळे दोषाचं पारडं मुलांकडे झुकतं आणि प्रेक्षक बापासाठी रडतो. लिअर पाहताना बापाची कीव येते, तशी त्याची भीतीही वाटते. अकिरा कुरोसावाने ‘रान’मध्ये (१९८५) ही भीती जपली. त्याच्या म्हाताऱ्या सरदाराने तरुणपणी सुनांची माहेरं उद्ध्वस्त केलेली आहेत आणि तेच पाप त्याच्या दारात येऊन उभं राहतं. आपण करुणा घेतली, दाहकता सोडली.

एकोणिसाव्या शतकात चित्र वेगळं होतं. आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात होते. पुढच्याच वर्षी त्यांचं ‘विकारविलसित’ हे ‘हॅम्लेट’चं भाषांतर प्रसिद्ध झालं. देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिलं, प्रा. वासुदेवराव केळकरांनी ‘टेमिंग ऑफ द श्रू’वरून ‘त्राटिका’. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशींचा हॅम्लेट तर दंतकथा झाला. त्या काळी इंग्रजी शिकवणारा प्राध्यापक आणि फिरत्या कंपनीचा नट यांच्यात जाणं-येणं होतं. प्राध्यापकाने लिहायचं, नटाने ते गावोगावी बोलून दाखवायचं. मराठी शेक्सपिअर जगला तो या सोयरिकीवर.

ही सोयरीक तुटली, आणि आजच्या दुखण्याचं मूळ मला तिथे दिसतं. भाषांतरांचा दुष्काळ नाही. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ आहे, शिरवाडकरांचे ‘राजमुकुट’ आणि ‘ऑथेल्लो’ आहेत, मंगेश पाडगावकरांनी ‘वादळ’ आणि ‘ज्युलिअस सीझर’ मराठीत आणली. मोठ्या कवींनी केलेलं हे काम बहुतांशी ग्रंथालयांच्या कपाटात आहे. इंग्रजी साहित्य घेतलेल्या विद्यार्थ्याला एखाद-दुसरं नाटक नेमलेलं असतं; तो गाइडातून स्वभावचित्रं पाठ करतो आणि परीक्षेत उतरवतो. संवाद उच्चारून पाहण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. मराठीच्या वर्गात हे अनुवाद क्वचितच चर्चेला येतात.

लंडनच्या ग्लोब थिएटरने २०१२ मध्ये ३७ भाषांतून ३७ नाटकं मागवली. मुंबईच्या दोन संस्था तिथे गेल्या: अतुल कुमारांचं ‘पिया बहुरूपिया’ हिंदीत, सुनील शानबागांचं ‘मारो पियु गयो रंगून’ गुजरातीत. मराठी नाटक त्या यादीत नव्हतं. एवढी परंपरा असलेल्या भाषेला ही गैरहजेरी लागायला हवी होती.

सिनेमात विशाल भारद्वाजांनी शेक्सपिअरला पुन्हा घाम आणि रक्त दिलं. ‘मक्बूल’मध्ये मॅक्बेथच्या चेटकिणी मुंबईचे दोन पोलीस इन्स्पेक्टर झाल्या. भविष्य सांगता सांगता तेच ते घडवून आणतात. ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह यांचे ते प्रसंग पाहताना मॅक्बेथबद्दल काही नवं कळतं. ‘हैदर’ने (२०१४) हॅम्लेटला १९९०च्या दशकातल्या काश्मीरमध्ये नेलं, बाप बेपत्ता झालेल्या मुलाच्या सुडाला तिथे राजकीय वजन आलं. रूपांतर असावं तर असं, मूळ नाटकाला नवा प्रश्न विचारणारं.

मराठीतही धाडस होतं, नाही असं नाही. नाना जोगांच्या भाषांतरावरून चंद्रकांत कुलकर्णींनी २०१८ मध्ये ‘हॅम्लेट’ उभं केलं, सुमीत राघवन त्यात हॅम्लेट झाले. व्यावसायिक रंगभूमीवर एवढा मोठा पसारा मांडण्याची हिंमत कौतुकाचीच. पण असा प्रयोग अपवाद म्हणून न राहता त्यामागोमाग दुसरा, तिसरा यायला हवा. तो केवळ निर्मात्यांच्या भरवशावर येणार नाही.

म्हणून माझं मागणं महाविद्यालयांतल्या मुलांकडे आणि त्यांच्या प्राध्यापकांकडे आहे. एकांकिका स्पर्धांसाठी तुम्ही रात्री जागवता. त्यातल्या थोड्या रात्री करंदीकरांच्या ‘राजा लिअर’ला द्या. इंग्रजी आणि मराठीच्या विभागांनी एकत्र बसावं, भूमिका वाटून घ्याव्यात आणि नाटक पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचावं. पोशाख-नेपथ्याचं नंतर पाहता येईल.