गळ, जाळे आणि ओला हात : एका ट्राउटकथेचे मराठी वाचन

हेमिंग्वेच्या ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ (१९२५) या कथेत घटना जवळजवळ नाहीतच. निक ॲडम्स जळून गेलेल्या गावावरून चालत नदीकाठी येतो, तंबू ठोकतो आणि दुसऱ्या दिवशी ट्राउट धरतो. तो युद्धावरून परतलेला आहे. पण कथेत युद्धाचा उल्लेख एकदाही येत नाही. या मौनाची चर्चा पुष्कळ झाली आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने प्रश्न निराळा आहे : मासेमारीच्या या तपशिलांतून अर्थ निष्पन्न होण्यासाठी वाचकाजवळ कोणता पूर्वसंस्कार असावा लागतो?

ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा; भारतात तो इंग्रजांनी आणून काश्मीरसारख्या डोंगरी प्रदेशांत सोडला. वाशीम जिल्ह्यातील मालेगावच्या वाचकाला ठाऊक असते ती पावसावर जगणारी काटेपूर्णा, मरळ मासा आणि भोयांचे जाळे. मासेमारी येथे उपजीविका आहे, विरंगुळा नव्हे. हेमिंग्वेच्याच म्हाताऱ्याची कथा पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली, तेव्हा ती याच जाणिवेला भिडली. सांतियागोचे पोट समुद्रावर अवलंबून आहे. निकच्या पिशवीत मात्र डबाबंद अन्न आहे.

म्हणून ही कथा मराठी वाचकाला परकी ठरते काय? तसे म्हणणे उतावळेपणाचे होईल. ‘गळाला लागणे’, ‘जाळ्यात सापडणे’ हे आपले वाक्प्रचार पकडणाऱ्याच्या कपटाकडे बोट दाखवतात आणि सहानुभूती सापडणाऱ्याकडे ठेवतात. संतकाव्यात तर बोलणारा ‘मी’ स्वतःच पाण्याबाहेर तळमळणारी मासोळी होतो. हा संस्कार घेऊन कथा वाचली की दोन स्थळे ठळक होतात. लहान ट्राउट सोडून देताना निक आधी हात ओला करतो. कोरड्या हाताच्या स्पर्शाने माशाच्या अंगावरचा नाजूक थर निघतो आणि तेथे बुरशी धरते. कृत्रिम माशी लावून गळ टाकणाऱ्या हौशी लोकांच्या गर्दीत असे मेलेले मासे त्याने पूर्वी पाहिले आहेत. पुढे मोठा ट्राउट दोर तोडून निसटतो, तेव्हा जबड्यात गळ रुतलेल्या स्थितीत तळाशी थांबलेल्या त्या माशाची तो कल्पना करतो. ज्याच्या स्वतःच्या जखमेचा उच्चार होत नाही, तो येथे माशाच्या जखमेचा विचार करतो आहे.

हे साम्य ताणू नये. निक त्याच दिवशी दोन ट्राउट मारून स्वच्छही करतो. त्याची करुणा भक्तीची नाही, कारागिराच्या दक्षतेची आहे. परंतु हेच महत्त्वाचे. मराठी समीक्षेत अशा तपशिलाची ‘निसर्गवर्णन’ या सदरात बोळवण होते. ओला हात हे वर्णन नसून कृती आहे, आणि कथेची नैतिकता त्या कृतीत आहे. दलदलीतील मासेमारी निक पुढच्या दिवसांवर ढकलतो, तीही याच दक्षतेपोटी. आपला पूर्वसंस्कार बाजूला ठेवून नव्हे, तर तो सोबत घेऊन, तो कोठे अपुरा पडतो हे तपासत केलेले वाचनच परभाषेतील संहितेला न्याय देऊ शकेल.